चिंचेचं बुड

चिंच गेली तेव्हा कुणी रडलं नाही.
चैतातल्या वावधनात ती गोठ्यावर आडवी झाली,
खोड आर्वीच्या आरागिरणीवाल्यानं नेलं,
फांद्या दोन उन्हाळे चुलीत गेल्या,
बुड तेवढं राहिलं अंगणात,
आल्यागेल्याला ठेच द्यायला.

संडासाची टाकी तिथंच हवी होती.
इकडे खडक, तिकडे दिराची हद्द.
प्रफुलनं जेसीबी बोलावला, तासाला तेराशे.
अंकुश नावाचं पोरगं, कानात इअरफोन.
बकेट रुतवली तर यंत्रच मागून उचललं गेलं
आणि खाडकन एक दात तुटला.
तो दात हातात घेऊन
त्यानं आमच्याकडे असं पाहिलं,
जणू आम्हीच चावलो होतो.

मग सल्ले आले.
मीठ भरा. गूळ-ताक ओता, वाळवी लागते.
वाळवीनं गूळ खाल्ला, दाराची चौकट खाल्ली,
चिंचेला तोंड लावलं नाही.
गोवऱ्या रचून, तुरीचं कुटार घालून पेटवलं.
नऊ दिवस धूर, दोरीवरच्या लुगड्यांना त्याचा वास,
दहाव्या दिवशी राख झटकली:
वर काळं, आत लाल,
नुकतंच कापल्यासारखं लाल.

शेवटी तुळशीराम टेकाम आला.
सब्बल, कुदळ, पाण्याचे चार डबे.
"झाडाले हात नोका लावू. आधी माती काढा."
दोन दिवस त्यानं लाकडाला स्पर्श केला नाही.
पाणी ओतायचा, बिडी प्यायचा, चिखल उपसायचा.
तिसऱ्या दिवशी मुळ्या दिसल्या.
मांडीएवढी एक, विहिरीकडे गेलेली.
एक सरळ आमच्या न्हाणीखाली
(बरोबरच आहे, साबणाच्या पाण्यावरच तर वाढली).
एक दिराच्या घराकडे, तार न विचारता.
एकेक तोडली, प्रत्येकीआधी जरा थांबून.
सोटमूळ मात्र कमरेखाली सोडून दिलं.
"तेवढं तिचं हाय. राहू द्या."

ट्रॅक्टरला साखळदंड लावून ओढलं.
बाहेर आल्यावर ते होतं त्याहून मोठं झालं,
कोंबड्या वळसा घालून जाऊ लागल्या.
खड्डा सहा फूट, आयता.
ग्रामसेवकानं मला काठावर उभं करून
फोटो काढला, योजनेसाठी.

आता याचं करायचं काय?
वीटभट्टीवाला म्हणाला, फोडून द्या.
फोडता आलं असतं तर तुला कशाला विचारलं असतं?
पुलगावचा सोनेकर खाटीक आला.
चिंचेचा ठोकळा चांगला, म्हणाला,
हाडाखाली भुगा पडत नाही.
एक चकती मागितली, कटर लावला.
अर्ध्यावर आला आणि कर्र, ठिणगी.
वीतभर आत, लाकडानं गिळलेला खिळा,
भोवती शाई सांडल्यासारखा डाग.

सासूबाई ओसरीवर तूर पाखडत होत्या.
सूप थांबलं.
"तो माहा हाय," म्हणाल्या.

लग्न झालं त्या साली त्या फार रडायच्या.
जेवताना, दळताना, उगाच.
घरच्यांनी भगत आणला.
त्यानं बुंध्यापाशी बसवलं, लिंबू फिरवलं,
आणि त्यांचं रडणं चिंचेत ठोकून टाकलं.
त्यानंतर त्या रडल्या नाहीत.
किंवा रडल्या असतील,
कुणी विचारलं नाही.

सोनेकरनं पक्कडीनं खिळा उपसून दिला.
त्यांनी तो पदराला पुसला, उन्हात धरला.
गंजलेला, डोकं चेपलेलं, माझ्या करंगळीएवढा.
"एवढुसाच व्हता काय व?"
मला म्हणाल्या, की खिळ्याला, कळलं नाही.

संडास संक्रांतीला झाला.
आतल्या बाजूला, टॉवेल अडकवायला,
चौकटीत त्यांनीच तो ठोकला, वरवंट्यानं.
दोन घाव चुकले. तिसरा बसला.

बुड अजून रस्त्याकडेला उलटं पडलंय,
मुळ्या वर करून, एक चकती अर्धी.
कुरिअरवाल्याला सांगतो,
तिथून डावीकडे.